कापा मला, पण उपटू नका

मी एक जुनी पिओनी आहे, मोठाल्या फुलांचे झुडूप. माझ्या पानांवर दरवर्षी जांभळट-लाल डाग पडायचे. म्हणून माझी कीव करणार असाल, तर मित्रांनो, आधीच सांगते, मला कीव चालत नाही.

माझा जन्म दूर उत्तरेकडच्या एका थंड गावातला. सूछिनला सासरी पाठवताना तिच्या आईने माझी मुळी फडक्यात बांधून दिली. शानतुंग प्रांतातल्या या अंगणात मी रुजले आणि वीस वर्षे वाडग्याएवढी फुले दिली. येणारेजाणारे थांबून बघायचे.

थंडी आली की सूछिन माझे देठ वाकवून माझ्याच गळलेल्या पानांचे जाड पांघरूण मला घालायची. त्या पानांतच रोग हिवाळा काढायचा आणि वसंतातल्या पावसात कोवळ्या पानांवर चढायचा. मग ती एकाच ओल्या फडक्याने एकेक पान पुसायची. डाग आणखी पसरायचे. मला तोंड असते तर चांगली ओरडले असते.

एका वर्षी कळ्याही करपल्या. तिचा नवरा लाओ वेइ कुदळ घेऊन आला.

"पुरे झालं हिचं कौतुक! उपटतो आणि मुळ्या औषधवाल्याला देऊन टाकतो."

"हात तर लावून बघा!" सूछिन आडवी आली. "आईची एवढीच आठवण उरलीय माझ्याकडे."

आरडाओरडा ऐकून शेजारच्या फांगकाकू आल्या. त्यांचा जन्म पिओनीच्या शेतात गेलेला. त्यांनी माझे पान उलटून पाहिले.

"मुळी ठणठणीत आहे हिची. रोग पानांत आणि देठांत आहे. आणि त्याला दरवर्षी पांघरूण घालतंय कोण? तूच की गं!"

"आई असंच करायची, काकू."

"तुझ्या आईच्या गावी हाडं गोठतात. इथे कसली आलीय थंडी? शरद सरला की जमिनीलगत काप. एक पान ठेवू नकोस, सगळं जाळ. आणि पाणी बुडाशी घाल, डोक्यावरून नको."

"एकच वर्ष," लाओ वेइ म्हणाला. "पुन्हा डाग दिसला, की कुदळ."

शरद सरताना सूछिन कात्री घेऊन माझ्यापाशी बसली. "आई, रागावू नकोस," म्हणाली आणि रडत रडत तिने मला कापले. पान न् पान वेचून जाळले. हिवाळाभर मी उघडी पडून होते. बर्फ पडला. पडू दे, म्हटले.

वसंतात माझे लाल कोंब माती फोडून वर आले. मागोमाग पाऊसही आला. लाओ वेइ रोज सकाळी वाकून वाकून पाने तपासायचा. एके दिवशी त्याला बुडाच्या पानावर दोन डाग सापडलेच.

"हे बघ! आले!"

सूछिनने ते पान खुडले, चुलीत टाकले आणि म्हणाली, "गेले." मग ती पुन्हा कणीक मळायला बसली.

त्या वर्षी मला अकरा फुले आली. कुदळ भिंतीलाच टेकून राहिली.

मित्रांनो, तुमच्या अंगणात कुणी आजारी झाड असेल, तर त्याच्यापाशी बसून रडू नका. रोग कुठे आहे ते आधी नीट बघा आणि तेवढाच भाग निर्दयपणे कापा. माझे म्हणाल, तर मला परत उगवता येते.