तळ्याला सिमेंट

बदलापूर गावातलं एक जुनं तळं सुशोभित करायचं १९९१ साली कमिटीने ठरवलं. अध्यक्ष होते विष्णुपंत, कारखान्यातले निवृत्त अधिकारी. पंप लावून पाणी उपसलं. आता तळाला सिमेंट घालायचं होतं.

"चिखल म्हणजे नुसती घाण," विष्णुपंत म्हणाले.

त्या घाणीत तळ्याचं पाणी गाळून स्वच्छ ठेवणारे जिवंत शिंपले पडले होते. विष्णुपंतांची बायको माई पदर खोचून गुडघाभर गाळात उतरली आणि ते बादलीत भरू लागली.

"अगं, लोक बघताहेत!"

"बघू देत. तुमच्या अकलेपेक्षा माझे चिखलाचे पाय बरे दिसतात."

कमिटीतलं कुणी इस्त्रीची पॅन्ट मळवायला तयार नव्हतं. माईने बादलीतले शिंपले नदीत सोडले. उरलेले सिमेंटखाली गेले.

पुढच्या उन्हाळ्यात तळं हिरवं होऊन नासलं, तेव्हा विष्णुपंतांनी कारंजं सुचवलं.

"त्यापेक्षा फिनेल ओता," माई म्हणाली.