अठरा वर्षांचा मग

"मावशी, हा मग शेवटचा कधी धुतला होता?"

"आणला तेव्हा. मीच धुतला होता. त्याला अठरा वर्षं झाली."

धाकट्या साहेबांनी मग खिडकीच्या उजेडाला धरला. बाहेरून पांढरा स्वच्छ, आतून काळाकुट्ट. पाणी तपासायच्या या प्रयोगशाळेत शहरभरच्या टाक्यांचे आणि नळांचे नमुने रोज येत, पण घरचा मग वर्तमानपत्रात गुंडाळून कुणी आणला नव्हता. आणि आणला कुणी, तर मावशींनी. तेवीस वर्षं त्या इथलं काचसामान धूत होत्या. मावशींच्या हातून गेलेल्या बाटलीत डाग शोधून दाखवा, अशी पैज साहेब लोक लावत आणि हरत.

"काकांचा?"

"त्यांचाच. दुसऱ्या कुणाला सुचणार असलं?"

काका, म्हणजे मावशींचे यजमान, वजनकाटे दुरुस्त करायचे. दूध नाही, साखर नाही, सकाळी एक मगभर कोरी कॉफी. संपली की तो मग न धुताच खिडकीत उलटा, दुसऱ्या दिवशीपर्यंत. त्याला कुणी तोंड लावायचं नाही आणि मावशींनी हात लावायचा नाही. त्यांचं म्हणणं एकच होतं, "आपलं तोंड, आपले जंतू. ओळखीचे आहेत. तुझ्या घासणीवर कुठले कुठले येऊन बसलेत, देव जाणे." जगभराची काच घासून घरी येणाऱ्या बाईला हे ऐकून घ्यावं लागे. अठरा वर्षांत हे भांडण इतकं मुरलं होतं, की एखाद्या दिवशी झालं नाही तर दोघांनाही चुकल्यासारखं वाटे.

पुढे काका आजारी पडले. औषध शिरेतून जायचं आणि रोगाबरोबर अंगातली ताकदही मारायचं. डॉक्टरांनी बजावलं होतं, साधा संसर्गही यांना झेपायचा नाही. मावशींनी त्याच दिवशी मग कपाटात घातला.

काका चिडले नाहीत. अंथरुणावरूनच म्हणाले, "तुमच्याकडे तपासायची सोय आहे ना? घेऊन जा. घाण निघाला तर मी स्वतःच्या हातानं धुतो. नाही निघाला, तर माझी कॉफी मला माझ्या मगात द्यायची. काटा दाखवेल ते खरं."

धाकट्या साहेबांनी कापसाची काडी मगाच्या आतून फिरवली आणि म्हणाले, "उद्या तुमची भांडी घासायची घासणीपण आणा."

"माझी कशाला?"

"तुलनेला काहीतरी नको का?"

त्या रागारागानंच घेऊन आल्या.

नमुने काचेच्या बश्यांत लावून उबेत ठेवले, की जंतू असतील तिथे ठिपके उगवतात. असल्या हजारो बश्या मावशींनी धुतल्या होत्या, पण आपल्या घरची कधी पाहिली नव्हती. मगाच्या बशीत तीन ठिपके होते. घासणीच्या बशीत ठिपके नव्हतेच, नुसती साय धरली होती.

"काका जिंकले की," धाकटे साहेब हसले, आणि मावशींचा चेहरा बघून थांबले. "अहो, घासणी सगळ्यांचीच अशी असते. माझ्या घरची आणली तर याहून वाईट निघेल."

"हे तीन आहेत, त्यांचं काय?"

"धडधाकट माणसाला काही होत नाही त्यानं."

"आणि त्यांना?"

"मी पाण्याचा माणूस, मावशी. ते डॉक्टरांना विचारा."

मावशींनी डॉक्टरांना विचारलं नाही. चालेल म्हणाले असते तर काय करायचं, याची त्यांना भीती वाटली. आणि खरं सांगायचं तर, लाजही वाटली. आयुष्यभर एकच काम नीट येतं म्हणून मान ताठ ठेवलेली, आणि घरात ही तऱ्हा. घासणी त्यांनी वाटेतच टाकली आणि नवी घेतली.

काका उशीला टेकून वाट बघत बसले होते. दाढीसुद्धा केली होती.

"काय निघालं?"

"बशी भरली होती. मोजता येईना."

"मगाची?"

"मगाची."

काका थोडा वेळ त्यांच्याकडे बघत राहिले. "काटा म्हणतो तर असेल," म्हणाले आणि उठले.

"अहो, द्या इकडे, मी धुते."

"शब्द दिलाय."

मोरीजवळ स्टूल ओढून ते बसले आणि धुवायला लागले. अठरा वर्षांचं पुट एका हाताला दाद देईना. ते मध्येच थांबायचे, दम खायचे, पुन्हा घासायचे. तांबूस पाणी जात राहिलं. मावशी दारात उभ्या होत्या. आत्ता सांगावं, असं त्यांना दोनदा वाटलं. तेवढ्यात मग पांढरा झाला.

दुसऱ्या दिवशी काकांनी त्यातून दोन घोट घेतले. "चांगली झालीये," म्हणाले आणि बाजूला ठेवला. चार दिवसांनी म्हणाले, "उगाच करत जाऊ नकोस, जात नाही." मावशींनी कॉफीचा डबा वरच्या फळीवर ठेवला.

पाच आठवड्यांनी ताप चढला आणि तिसऱ्या दिवशी काका गेले. संसर्ग कशानं झाला, हे मावशींनी या वेळी मात्र विचारलं. डॉक्टर म्हणाले, "बाहेरून काही नाही आलं. अशा वेळी माणसाच्या अंगातलेच जंतू उलटतात. तुम्ही स्वच्छतेत काही कमी ठेवली नव्हती."

आठवड्यानं धाकटे साहेब भेटायला आले. मुलगी आली होती, तिनं सगळ्यांना कॉफी केली. बोलता बोलता साहेब म्हणाले, "निकाल ऐकून काका काय म्हणाले होते, ते विचारायचं राहूनच गेलं."

मुलगी आईकडे बघायला लागली.

"हसले," मावशी म्हणाल्या. "म्हणाले, उशिरा का होईना, न्याय मिळाला."

"वाटलंच मला. तो मग ठेवलाय ना?"

"ठेवलाय. जपून."

साहेबांनी मान हलवली आणि हातातल्या पांढऱ्या मगातून उरलेली कॉफी संपवली. कप कमी पडले म्हणून मुलीनं खिडकीत दिसला तो त्यांना दिला होता.

ते गेल्यावर मुलगी भांडी गोळा करू लागली. "तो राहू दे," म्हणत मावशींनी मग तिच्या हातून घेतला. तळाशी कॉफीचं कडं उमटलं होतं. तसाच खिडकीत ठेवावा, असं क्षणभर मनात आलं. पण त्याला परक्याचं तोंड लागलं होतं, आणि काकांना ते कधी चाललं नसतं.

त्यांनी नळ सोडला, मग धुतला, पुसला आणि खिडकीत त्याच्या जागी उलटा ठेवला.