शेवटचे दोन सामने

इद्रीस मला खुणेने बसा म्हणत होता आणि मी उभीच होते, कारण बसायला जागाच नव्हती. सोफ्यावर माझा थोरला मुलगा विश्वास पाय पसरून पडला होता. टीपॉयवर वेफर्स, कोल्ड्रिंकचे डबे आणि मध्ये उघडा लॅपटॉप. समोर भिंतभर टीव्ही. आफ्रिकेतली पोरं चेंडूमागे धावत होती आणि सेहेचाळीस वर्षांचा हा घोडा कुवेतच्या रुमैथियातल्या घरात आडवा पडून त्यांना कसं धावायचं ते शिकवत होता.

"हज्जा, प्लीज," म्हणत इद्रीस स्वतःच उठला आणि त्याने मला आपली खुर्ची दिली.

हा मला हज्जा का म्हणतो, मी काय मक्केला जाऊन आले, असं मी विश्वासला विचारलं. तो टीव्हीवरची नजर न काढता म्हणाला, की त्यांच्यात मोठ्या बाईला मानाने तसं म्हणतात. मानाने म्हणत असेल तर म्हणू दे. या घरात उठून जागा देणारा एक तरी भेटला, तोही परका.

इद्रीस विश्वासच्या कंपनीतला, सुदानचा. लढाईत त्याचं घर गेलं, आई आता बहिणीकडे दुसऱ्या गावात असते, हे मला माझी सून लीना हिने सकाळीच सांगितलं होतं. वर बजावलं होतं, की आई, त्यांना घराचं काही विचारू नका. मला काय विचारायचं ते मला कळतं, असं मी तिला सुनावलं. झालं उलटंच. त्यानेच मला घराचं विचारलं. खुर्चीशेजारी गालिच्यावर मांडी घालून बसला आणि माझ्याकडे बघून इंग्रजीत काहीतरी बोलला. त्यातला 'होम' तेवढा मला कळला. एवढं इंग्रजी मलाही येतं.

विश्वासने मला न सांगताच त्याला परस्पर उत्तर देऊन टाकलं.

"काय विचारलं त्याने?"

"काही नाही गं. इथे करमतं का म्हणाला."

खोटं बोलताना विश्वास कानाची पाळी चोळतो, पहिलीत होता तेव्हापासून. आत्ताही चोळली.  

सिन्नरला माझी पिठाची गिरणी आहे. आहे, असंच मी तेव्हा म्हणत होते. नवरा गेला तेव्हा विश्वास तिसरीत आणि धाकटा नचिकेत अंगावर पीत होता. लोक म्हणाले, मुक्ताबाई, गिरणी विका, बाईमाणसाचं काम नव्हे. मी विकली नाही. पट्टा सुटला तर मीच चढवायचे, दगडाला टाकी मीच लावायचे. बाजरी दळल्यावर लगेच गहू टाकायचा नाही, मध्ये कोणाचं तरी जाडंभरडं काढायचं, हे सगळं मी माझं शिकले. शाळेत चौथीपर्यंत गेले, पण गावातला कुठला डबा कुठल्या घरचा हे मला झाकणावरून कळायचं. केस पांढरे वयाने झाले का पिठाने, ते मलाच ठाऊक नाही. गिरणीच्या मागे माझ्या दोन खोल्या. त्यात वाढलेली दोन पोरं इंजिनीयर झाली, एक कुवेतला, एक पुण्याला.

दसऱ्यानंतर विश्वास म्हणाला, आई, दोन महिने ये, विश्रांती घे. मी आले. इथे खिडक्या उघडत नाहीत. उघडल्या तर वाळू येते. जमियातून, म्हणजे इथल्या सहकारी दुकानातून, खुब्बूस नावाच्या रोट्या आणतात, त्या पिशवीला हात लावला तरी मला शिसारी येते. कोणी दळलं, कधी दळलं, कशाला पत्ता नाही. खैरानला समुद्र दाखवायला नेलं. समुद्र बघितला. आता घरी पाठवा म्हटलं, तर विश्वास म्हणाला, नचिकेत म्हणतो थंडी जाऊ दे. नचिकेतला फोन केला तर तो म्हणाला, दादाच सोडत नाही. गिरणी बघायला कोणी गेलं होतं का, असं विचारलं की दोघंही एकच वाक्य बोलायचे, "तू काळजी करू नकोस." एका तव्यावर भाजलेल्या पोळ्या. एकाला आज विचारावं, तर दुसऱ्याला उद्या विचारेपर्यंत त्याचं उत्तर तयार. लाडीगोडीने बोलायचे, ते तर मला अगदी नको व्हायचं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तर त्या संध्याकाळी, इंग्रजी वर्षाच्या शेवटच्या दिवशी, मी खुर्चीत बसले आणि विचारलं, की एक टीव्ही पुरत नाही म्हणून लॅपटॉपही लावलाय का?

विश्वासला कोणी खेळाबद्दल विचारलं की तो पाघळतो. लगेच उठून बसला. म्हणाला, आई, या आफ्रिकेच्या फुटबॉल स्पर्धेत चार-चार देशांचे गट असतात. गटातला प्रत्येक जण बाकीच्या तिघांशी खेळतो आणि वरचे पुढे जातात. आज यांच्या गटाचा शेवट. टीव्हीवर सुदान आणि बुर्किना फासो, लॅपटॉपवर अल्जीरिया आणि इक्वेटोरियल गिनी. दोन्ही सामने एकाच मिनिटाला सुरू होतात.

"एकामागून एक खेळवायला काय होतं? बघणाऱ्याला दोन्ही बघता येतील."

यावर तो हसला आणि त्याने इद्रीसला माझा प्रश्न सांगितला. इद्रीस हसला नाही. हात हलवत बराच वेळ बोलला आणि विश्वास मला मराठीत सांगत गेला. पूर्वी एकामागून एकच खेळवायचे. मग ब्याऐंशी साली जगाच्या स्पर्धेत हाच अल्जीरिया होता. नवखा असून त्याने पश्चिम जर्मनीला हरवलं होतं. गटातला आपला शेवटचा सामनाही त्याने जिंकला आणि वाट बघत बसला. दुसऱ्या दिवशी जर्मनी आणि ऑस्ट्रिया खेळायला उतरले. त्यांना आधीच ठाऊक होतं, की जर्मनी एका गोलने जिंकली तर दोघंही पुढे जातात आणि अल्जीरिया घरी. जर्मनीने सुरुवातीलाच एक गोल केला. मग दोघांनी खेळणंच सोडलं. याने त्याच्याकडे चेंडू द्यायचा, त्याने याच्याकडे. बघायला आलेले लोक ओरडले, नोटा दाखवून थू थू करायला लागले, तरी हे आपले चेंडू इकडून तिकडे.

"कुवेतही होतं त्या स्पर्धेत," विश्वास म्हणाला. "इथले म्हातारे अजून त्यावर बोलतात. तेव्हापासून नियम केला. शेवटचे दोन्ही सामने एकाच वेळी. म्हणजे दुसरीकडे काय झालं ते बघून कोणाला ठरवता येत नाही. नीचपणा आहे गं तो, आई. सरळ हरवायची हिंमत नाही, म्हणून दोघांनी मिळून तिसऱ्याला बाहेर काढायचं. तेही त्याला कळू न देता."

हे म्हणताना त्याचा आवाज खरोखर चढला होता. डोळ्यांत राग होता. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. 

मी उठून स्वयंपाकघरात गेले. लीना पुलावावर कांदा पेरत होती. लीनाचं आणि माझं कधी पटलं नाही. तिला माझं बोलणं टोचतं आणि मला तिचं न बोलणं. मी दार लोटलं आणि तिला सांगितलं, की नचिकेतला फोन लाव. माझं नाव घेऊ नकोस. फक्त विचार, गिरणीची किल्ली कोणाकडे आहे. मी त्याच वेळी बाहेर विश्वासला विचारते.

तिचा हात थांबला. तिने विचारलं नाही की का. म्हणजे तिलाही माहीत होतं.

"आई, मला तुम्ही काही विचारू नका. मी काही सांगणार नाही, मला या घरात राहायचंय." तिने गॅस बंद केला, हात ओढणीला पुसले. "फोन लावते."

मी बाहेर येऊन बसले. सुदान एका गोलने मागे होतं. इद्रीस दोन्ही हात गुडघ्यांत घालून बघत होता. आतून लीनाचा आवाज आला, "हॅलो, नचिकेत भावजी," आणि मी विश्वासला म्हटलं,

"विश्वास, गिरणीची किल्ली कोणाकडे आहे रे?"

"हं? नचिकेतकडे."

"पुण्याला?"

"हो. त्याच्या कपाटात. का गं?"

"सहज."

त्याने कान चोळला आणि टीव्हीकडे वळला. थोड्या वेळाने लीना बाहेर आली. फोन हातात, चालूच. त्यातून नचिकेत 'वहिनी, वहिनी' म्हणत होता.

"भावजी म्हणतात, किल्ली दादाने कुवेतला नेलीय," ती म्हणाली.

खोलीत टीव्हीतला माणूस तेवढा अरबीत ओरडत राहिला. विश्वासने लीनाकडे असं बघितलं, की मी मध्ये पडले. म्हटलं, तिच्याकडे बघू नकोस, माझ्याकडे बघ. किल्ली तुझ्याकडे नाही, त्याच्याकडे नाही. मग कुठाय?

तो लॅपटॉपचं झाकण उगाच वरखाली करत राहिला. मग बोलला, खाली बघून. दिवाळीनंतर पाडली. गिरणी आणि मागच्या खोल्या, सगळं. जागेवर बापाच्या मागे मीच या दोघांची नावं लावून दिलेली, माझ्या सहीची गरज पडली नाही. रस्त्याकडेची जागा, तिथे दुकानं होणार. यंत्र भंगारात गेलं. म्हणाला, तुझ्या छातीत पीठ जातं, तू ऐकणार नव्हतीस, म्हणून आधी इकडे आणलं. नचिकेत म्हणाला, तू सांग, मी म्हणालो, तू सांग. फोनमधून नचिकेतही सुरू झाला, की आई, वर तुला एक फ्लॅट ठेवलाय, लिफ्टसकट.

मला फ्लॅटचं ऐकायचं नव्हतं. पाडली तर पाडली. भिंती काय, माझा नवराही गेलाच की. मी दोघांना एकच विचारलं.

"पाडताना तुमच्यातलं तिथे उभं कोण होतं?"

विश्वास म्हणाला, त्याला सुट्टी नव्हती. नचिकेत म्हणाला, ठेकेदार भरवशाचा होता.

"दगड काढले तेव्हा?"

"आई, ते ठेकेदाराच्या माणसांनी..."

म्हणजे कोणी नाही. ज्या दगडांवर यांच्या वह्या, फिया, लग्नं दळून निघाली, ते उचलून टाकताना परकी माणसं, आणि पोटचे दोघे दोन गावांत मोबाइल कानाला लावून, तू सांग, तू सांग. बेवारस मढं उचलतात तसं. चोरांनी लुटलं असतं तर मी त्यांना शिव्या तरी घातल्या असत्या. या दोघांना शिवी द्यायची म्हटली तर ती माझ्याच कुशीला लागते.

मी उठले. आमच्याकडे लांबच्या गावाहून आपलं माणूस गेल्याची बातमी आली, की ऐकल्या पावली उठायचं आणि नेसत्या लुगड्यानिशी डोक्यावरून पाणी घ्यायचं. किती दिवसांनी कळलं ते बघायचं नाही. मी बाथरूममध्ये गेले. गरम पाण्याचा नळ सोडला नाही. डिसेंबरात इथलं टाकीचं पाणी हाडात शिरतं. बादली भरली आणि तांब्याने डोक्यावर ओतत गेले. रडले नाही. बाहेर विश्वास दार वाजवत होता, आई, काय करतेस, आजारी पडशील. मी माझं पाणी पुरं केलं.

तशीच बाहेर आले. लुगडं अंगाला चिकटलेलं, केस मोकळे, पाठीवर पाणी. विश्वास मागे सरला. लीना टॉवेल घेऊन आली, पण तिने तो माझ्या खांद्यावर टाकला नाही, हातात धरून नुसती उभी राहिली. तिला आमची रीत माहीत आहे.

इद्रीसला मराठीचं अक्षर कळत नव्हतं. तरी तो उठून उभा होता. त्याने टीव्हीचा आवाज बंद केला, सुदान अजून खेळत असताना. हळू आवाजात लीनाला काहीतरी विचारलं, कोण गेलं असंच असणार. लीनाने एकदा विश्वासकडे बघितलं आणि म्हणाली, "फॅमिली."

इद्रीसने मान खाली घातली. पुढे येऊन तो विश्वाससमोर उभा राहिला, दोन्ही तळवे उघडे करून छातीपुढे धरले आणि ओठांतल्या ओठांत काही म्हणायला लागला. त्यांच्यात मयताच्या घरी असंच करतात, आणि घरच्यानेही समोर तसेच हात धरायचे असतात. तो थांबला होता. विश्वासने माझ्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं. मग सावकाश त्याचेही दोन्ही हात वर आले, रिकामे, उघडे.

फोनमधून नचिकेत विचारत होता, "दादा? काय चाललंय? कोणी काही बोलत का नाही?"

लीनाने टीपॉयवर ठेवलेला फोन उचलला, कॅमेरा चालू केला आणि विश्वासचे हात त्यालाही दिसतील असा धरला.