चादरीच्या दोन्ही बाजूंना

"चादर वरच्या आळीची असंल तर आमी नाय बगणार शिनेमा," बारकूने बायकोला सांगून टाकले.

देवकीने कपाळाला हात लावला. "चादर माजी हाय. लग्नात माहेरनं आलेली, सासरी वापरलेली. आता ती कुठल्या आळीची, तुमीच सांगा."

बारकू चादर बांधायचे बांबू पुरायला गेला.

टोकावड्याजवळच्या त्या गावात दोन आळ्या आणि मधे मारुतीचे पटांगण. तिथेच एकदा दोन्ही आळ्यांचा कबड्डीचा सामना रंगला होता. शेवटच्या चढाईत बारकूचा हात मध्यरेषेला लागला की नाही, एवढ्यावरून गाव फुटले. पंच होता वरच्या आळीतला साईनाथ, देवकीचा सख्खा धाकटा भाऊ. त्याने बारकूला बाद दिले. तेव्हापासून गावात दोन होळ्या पेटू लागल्या, दोन संघ झाले आणि दोन्ही संघ तालुक्याला जाऊन इमानेइतबारे हरून येऊ लागले. माहेरी सुके बोंबील भाजले की वास देवकीच्या चुलीपाशी यायचा, पण तिकडे जायची सोय नव्हती. सामन्याच्या वेळी पोटात असलेली तिची लेक राही आता शाळेत जात होती आणि मामाचे घर तिने बाहेरूनच पाहिले होते. देवकीला याचे फार वाईट वाटे.

शाळेतल्या माधुरीबाईंनी कुठूनसा प्रोजेक्टर आणला होता. काळ्या-गोऱ्यांच्या भांडणात दुभंगलेला एक देश आणि त्याला एकत्र आणणारा खेळ, असा तो हिंदीत बोलणारा परदेशी सिनेमा. खालची आळी चादरीसमोर बसली. त्यांच्या मांडीला मांडी लावायला नको म्हणून वरची आळी चादरीच्या मागे बसली. कापड पातळ असल्याने चित्र तिकडूनही दिसत होते, फक्त उलटे.

"आमचे समदे डावरेच हायेत रे!" मागून कोणीतरी ओरडले, तशी पुढची आळीही खदखदून हसली.

चेंडू लांबोडका होता. "नारळ घेऊन पळतंय!" सुंदराकाकी म्हणाली. त्याच्यावर चौघे तुटून पडले तेव्हा "पकड! पकड!" असा दोन्हीकडून गिल्ला झाला. खेळ गावाला कळला.

शेवटचा सामना अटीतटीला आला आणि वारा सुटला. एक बांबू कलला. समोरून बारकू धावला, मागून साईनाथ. दोघांनी एकाच वेळी बांबू धरला. तिथून दोघांनाही चित्र दिसेना. पण आधी सोडणार कोण?

"आगं, काय चाललंय?" बारकू कासावीस झाला.

"ताय, सांग ना गो!" साईनाथ म्हणाला.

ताय! किती वर्षांनी ही हाक देवकीच्या कानावर पडली! ती उठून पुढे झाली आणि दोघांनाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगू लागली, "पळाला... धरला तिघांनी... सुटला! आता रेघ जवळ आली... परत धरला, पडला... नारळासकट रेघेवर हात टेकला!"

"पंचानं दिला?" बारकूने हळूच विचारले.

"दिला! दिला!"

पटांगण नाचू लागले. पुढचे मागे, मागचे पुढे, कोण कुठल्या आळीचा हे कळेना. बांबूपाशी मात्र दोघे तसेच उभे होते.

"दाजी, तवा रेघेची फक्की उडाली व्हती," साईनाथ म्हणाला. "मला हात नाय दिसला तुमचा."

"लागला व्हता."

"मला नाय दिसला ना पण!"

"लागला व्हता रे साई! आरं, मध्यरेषेच्या पार पलीकडं लागला व्हता!"

"पार? आता पार म्हनता व्हय? तवा तर नुसतं टेकला म्हनत व्हता!"

देवकी हसत डोळे पुसत ऐकत राहिली. मग तिने चादर सोडली, घडी घालून काखेत मारली आणि राहीचे बोट धरून वरच्या आळीची वाट धरली. मागे ते दोघे नुसताच बांबू धरून अजून भांडत होते.