कालिंदीबाईंची मोत्यांची जोडी

राजनंदिनीला लहानपणापासून ‘का’ विचारायची खोड. लग्न होऊन शहरातल्या पुंडलिकनगरात आली, घरबसल्या दागिने गाठवून द्यायला लागली, तरी ती काही गेली नाही. पोत तुटली, मोत्यांचा सर सुटला की आसपासच्या बायका तिच्याकडे यायच्या आणि सोनं तिच्या ओंजळीत टाकून निघून जायच्या. ना पावती, ना चिठ्ठी. सगळा धंदा नुसत्या शब्दावर चालायचा.

त्या दुष्काळी उन्हाळ्यात मागच्या गल्लीतल्या कालिंदीबाई आल्या. निवृत्त शिक्षिका, नवरा गेल्यापासून एकट्याच. त्यांनी डबीतून काळ्या मोत्यांची कानातली काढली. एकेक मोती रिठ्याच्या बीएवढा, आणि उजेडात धरला की पारव्याच्या मानेवर असते तशी हिरवट झाक.

“ह्यांनी आणली, बोटीवर नोकरीला होते तेव्हा. सासूबाई म्हणाल्या, घालून झिजवू नकोस, भाव चढेल. मी जपली. तार बदल, आणि गुलमंडीवर सराफाकडे भाव विचारून ये. आता विकूनच टाकते.”

राजनंदिनीनं त्याच दुपारी दोन्हींची जुनी तार काढली. तेवढ्यात पाळण्यातल्या बाळानं भोकाड पसरलं. त्याला निजवून ती परत आली, तर तबकात एकच मोती. सतरंज्या झटकल्या, केराची सुपली चिवडली, मोरीच्या जाळीत बोटं घातली. मोती नाही. हे बाहेर फुटलं तर पुन्हा कोण आपल्या हाती सोनं देणार?

“आत्या, मोती पाहिला का हो कुठं?”

सासू वच्छलाबाई बाळाच्या मालिशचं तेल कोमट करत होत्या. गावाकडं फुलंब्रीच्या विहिरीनं तळ गाठला म्हणून त्या चार महिन्यांसाठी लेकाकडे आल्या होत्या. “मोती? नाय बाई. मोती आसता तर लांबूनच चमकला नसता व्हय?”

दुसऱ्या दिवशी ती उरलेला मोती घेऊन गुलमंडीवर श्रीरंगशेठ सराफाकडे गेली. तिची हकीकत ऐकत त्यानं तो बोटात फिरवला आणि हसला. “ताई, रडताय कशाला? काळ्या मोत्याचे भाव कोसळलेत. पूर्वी एकाला पडायचं तेवढ्यात आता मूठभर येतात. हैदराबादहून जोड मागवतो.”

जिवात जीव आला. आणि हळूच एक विचारही आला, की जोड मिळाली तर कालिंदीबाईंना सांगायचं तरी कशाला? तिची तिलाच लाज वाटली, पण विचार काही हलला नाही.

“भाव पडले का पण?” तिनं विचारलंच.

“तिकडं परदेशात बेटांवर जो तो मोत्यांसाठी समुद्रात शिंपले टांगून बसला. माल उदंड झाला. मग काय!”

पुढच्या आठवड्यात पुडी आली. पांढऱ्या कापडावर मोती ओतले, तर कुणी बारीक, कुणी राखेच्या रंगाचे, काही तर नदीतले पांढरे मोती काळे रंगवलेले. जोडीचा एकही नाही.

“एवढे स्वस्त झाले आणि एक मिळू नये? असं का?”

“भाव पडला तसं लोकांनी शिंपले पाळणंच सोडलं. असा टपोरा मोती काढायचा तर वर्षानुवर्षं शिंपला जपावा लागतो. तेवढा खर्चही निघेना झाला. भाव परत चढतील तेव्हा चढतील, आज तरी पडलेलेच.”

राजनंदिनीला एकदम सासरची मोसंबीची बाग आठवली. भाव पडले म्हणून सासऱ्यांनी अर्धी बाग तोडली, उरलेली पाण्यावाचून वाळली, आणि आता शहरात ज्यूसच्या गाडीवर ग्लासाचा भाव विचारायची सोय नाही. समुद्रात काय, फुलंब्रीत काय, तऱ्हा एकच. कालिंदीबाईंना खरं सांगायचं, असं तिनं रिक्षात बसल्या बसल्या ठरवलं.

घरी आली तर नळ आलेला. आठवड्यातून एकदा येणारं पाणी, त्यामुळं वच्छलाबाई पिंपं भरण्यात गुंतलेल्या. बाळाची मालिश, आंघोळ, लंगोट सगळं एरवी त्यांचंच, कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत. आज ती राजनंदिनीवर आली. तिनं झबलं काढलं, आणि जागच्या जागी थिजली. करदोड्यात बेंबीखाली मोती लकाकत होता.

“आत्या! ह्ये काय बांधलंय?”

“दृष्टमणी. तुझ्या पाटाखाली पडला हुता. नव्या वस्तीत लई नजर लागती लेकराला.”

“अहो, हाच तर मोती!”

वच्छलाबाई हंडा तसाच धरून तिच्याकडे पाहत राहिल्या. “काळा मोती कुठं आसतो व्हय?” मग हंडा खाली ठेवून म्हणाल्या, “काढ. पर करदोडा रिकामा ठिवू नको, दुसरा मणी ओव.”

तिनं काळा मणी ओवला आणि मोती डबीतल्या जोडीदाराशेजारी ठेवला. आता नवीनच पंचाईत! बाळाच्या कमरेचा मोती रोजच्या तेलानं, अंगाच्या उबेनं ओला असल्यागत चमकत होता. डबीतला कोरडा, निस्तेज. पुसून पाहिला, तरी जोड जुळेना.

संध्याकाळी तिनं कालिंदीबाईंना सगळं सांगितलं, गुपचूप दुसरा मोती घालायचा मनात आलेला विचारसुद्धा.

कालिंदीबाईंनी दोन्ही मोती तळहातावर घेतले. “आणि भाव?”

“पडलाय. लई पडलाय.”

त्यांनी कानाची पाळी चाचपली. भोकं बुजत आली होती. “भाव चढावा म्हणून जपले ना मी, राजनंदिनी. त्यांनी माझ्या कानांसाठी आणले होते.” डोळे भरून आले, ते त्यांनी पुसले नाहीत.

लकाकणारा मोती त्यांनी ठेवून घेतला. “मला एक दोरा दे. कान टोचून होईपर्यंत हा गळ्यात घालते.” आणि फिका मोती तिच्या हातात दिला. “हा घेऊन जा, बाळाच्या करदोड्यात ओव. ह्याच्यासारखा झाला की आण.”

“पुन्हा हरवला तर?” राजनंदिनीनं विचारलं.

“तुझ्या सासूबाईंना सांगून ठेव,” कालिंदीबाई म्हणाल्या, “की हा मोती आहे.”