परत कोण जाणार

डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन मी पूजेला बसले होते, तेवढ्यात वीरेशची आरोळी आली. पूजा अर्धी सोडायची नसते. मी ती पुरी केली, लिंग गळ्यात घातलं आणि मगच किनाऱ्यावर गेले. तिथं कयाक, म्हणजे एकेकट्यानं वल्हवायच्या होड्या, होत्या चार आणि माणसं आम्ही पाच.

रात्रीत वाहून गेली होती ती वीरेशची. वीरेश माझा भाचा, माझ्या भावाचा मुलगा. कोल्हापुरात त्याची जिम आहे आणि या सहलीचा तो लीडर. सहा महिने आम्ही कळंब्याच्या तळ्यात वल्ही मारली होती. काल मालवणहून दोन तास वल्हवत या निर्जन बेटावर मुक्कामाला आलो होतो. आज त्याच्याही पुढचं बेट गाठायचं होतं, चार तासांवरचं.

कळंब्याला होडी हातभर वर ओढली की सकाळी ती तिथंच असते. समुद्राला भरती असते, हे शाळेत शिकूनही आम्हा तळ्याच्या शहाण्यांच्या डोक्यात आलं नाही. सोबतची निशा, कृष्णात आणि त्याची बायको अनुजा यांच्या कयाक खडकात अडकून राहिल्या ते नशीब. माझी मात्र मी झाडाला बांधली होती. घरी म्हैस मोकळी ठेवून मला झोप येत नाही, तीच सवय. काल त्यावरून वीरेश हसला होता, "आत्ती, ही काय म्हैस हाय व्हय, दावं तोडून पळायला?"

आज तो हसत नव्हता. त्यानं फोन लावला. एकाला परत न्यायला मासेमारीची बोट नऊला येणार होती. फोन खिशात टाकून तो सरळ मला म्हणाला, "आत्ती, तू जा बोटीनं. तुझी कयाक मी घेतो."

विचारलंसुद्धा नाही! माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"का म्हणून? होडी कुणाची गेली?"

"तसं न्हवं. फुडं चार तासांचं पाणी हाय. तुझं वय सत्तावन्न. काय झालं तर बाबांना काय तोंड दाखवू?"

"काल मागं कोण ऱ्हायलं हुतं?"

कृष्णात वाळूकडं बघायला लागला. काल तो तीनदा दम खायला थांबला होता. त्याला कुणी वय विचारलं नव्हतं.

खरं सांगते, मला त्या पोराचा राग कमी आणि त्या 'तू जा'चा जास्त आला. गणपतीपुळ्याला गेलो, गोव्याला गेलो, सगळे पाण्यात आणि मी काठावर चपला राखत. कागलच्या दुकानात तीस वर्षं पेंडीची पोती ओढली, तेव्हा माझं वय कुणाला दिसलं नाही. ते चार तासांचं पाणी मला माझ्या हातांनी पार करायचं होतं. बस्स.

"मी न्हाय जाणार," मी म्हणाले.

"आत्ती, लीडर मी हाय!"

"मग लीडरनं आधी आपली होडी बांधावी की!"

अनुजाला हसू फुटलं. वीरेश लालबुंद झाला. त्यानं माझ्या कयाकची दोरी पकडली. "हट्ट करू नगं. आन् माझ्याबिगर वाट कोण दाखवणार?"

निशा पुढं आली. ती नर्स आहे, कामापुरतंच बोलते. "नकाशा आपण दोघांनी मिळून काढलाय, वीरेश. वाट मी दाखवते. काकूंची दोरी सोड."

तेवढ्यात बोट आली. खलाशानं आमच्यावर एक नजर टाकली आणि माझे पांढरे केस बघून हात माझ्याकडंच पुढं केला. मी त्या हातात वीरेशची बॅग दिली.

वीरेशनं दोरी सोडली आणि तो गुडघाभर पाण्यातून जाऊन बोटीत चढला. वाईट वाटलं मला, खोटं कशाला बोलू? पण कयाक दिली नाही.

आम्ही चौघं निघालो. खडकांच्या बाहेर पडताच पहिली मोठी लाट आली. मी दात आवळून वल्हं मारलं. मागून बोटीच्या आवाजातून ओरडून वीरेशनं विचारलं, "आत्ती! बाबांनी इचारलं तर काय सांगू?"

मी हात थांबवला नाही.

"सांग, आत्ती फुडच्या बेटाला गेलीया!"