परमुलखात गेलेला तवा

मित्रांनो, मी एक जुना तवा आहे. एवढी एक गोष्ट मला पक्की ठाऊक आहे. बाकी माझ्या आयुष्यातलं पुष्कळसं मला अजूनही उमगलेलं नाही. तुम्ही शाळेत जाता, भूगोल शिकता. तुम्हाला काही उलगडलं तर मलाही सांगा.

माझा जन्म दिग्रसचा. कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्याच्या भंगारातला एक जाड पत्रा मोहिउद्दीन लोहारानं आणला, भट्टीत तापवला आणि ठोकून ठोकून त्याचा तवा केला. कालपर्यंत मी यंत्राचा तुकडा होतो, आज चुलीवर जायचं होतं. हे कसं झालं ते मला तेव्हाही कळलं नाही. बाजारच्या दिवशी बिजलीबाईनं मला उचललं, बोटानं वाजवून पाहिलं आणि आपल्या तांड्यावर, म्हणजे बंजाऱ्यांच्या वस्तीवर नेलं. तिथं मी वर्षानुवर्षं ज्वारीच्या भाकरी भाजल्या. बिजलीबाईच्या भाकरीचं सारा तांडा नाव काढायचा, आणि त्यातलं थोडं श्रेय मीही घ्यायचो.

तिचा नवरा गुलाबसिंग. त्याचे वाडवडील बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर हिंडायचे. ते दिवस सरले होते. गुलाबसिंग आता कापूस पिकवायचा आणि हिंडण्याच्या नुसत्या गोष्टी सांगायचा. त्या ऐकून बिजलीबाईचे कान किटले होते. १९५८ साली कापूस बरा झाला, तेव्हा ती म्हणाली, "साऱ्या जिंदगीत म्या दिग्रसच्या पल्याड काही पाह्यलं नाही. एक डाव मले दुसरा मुलूख दाखवा."

नेपाळात शिवरात्रीचा मोठा मेळा भरतो आणि आता तिथवर मोटारीचा रस्ता झाला आहे, हे गुलाबसिंगनं बाजारात ऐकलं होतं. तो कबूल झाला, पण एका अटीवर.

"खाण्यावर पैसा घालवाचा नाही. पीठ आपलं, तवा आपला. झोपाले जिथं फुकट जागा भेटन तिथं झोपू."

म्हणून ज्वारीच्या पिठाचं गाठोडं, तिखटमीठ आणि मी असे एकाच पोत्यात बसून परदेशी निघालो.

पोत्यातून दिसणार काय? आगगाड्या बदलल्या तेवढ्या मला कळल्या, कारण दर वेळी मी आपटलो. मग एकदा गुलाबसिंग म्हणाला, "घे, आला नेपाळ." मला वाटलं होतं, देश बदलताना निदान एखादा गचका तरी बसेल. काहीच झालं नाही. पीठ तेच, मीही तोच. मग बदललं ते काय? पुढं आम्हाला घेऊन एक ट्रक डोंगर चढू लागला आणि मला हुडहुडी भरली. आपल्याकडे त्या दिवसांत उन्हं तापायला लागतात, आणि तिथं रस्त्याकडेला बर्फ होतं म्हणे. मी पार गोंधळून गेलो.

काठमांडूत ते एका पाटीत उतरले. पाटी म्हणजे वाटसरूंसाठी बांधलेली उघडी ओसरी. तिथं कोणी पैसे मागत नाही. बिजलीबाईनं तीन दगड मांडून मला चढवलं. तो विस्तवही अनोळखी होता, लाकडाला डिंकासारखा वास यायचा. समोरच्या विटांच्या घरातली एक बाई भाकरी पाहायला आली, तेव्हा बिजलीबाईनं तिला अर्धी भाकर दिली. ती बाई घरी गेली आणि वाटीभर तांदळाचं पातळ पीठ घेऊन आली. तिनं ते माझ्यावर पसरलं आणि वर अंडं फोडलं. माझ्यावर असलं काही जन्मात पडलं नव्हतं. याला धिरडं म्हणावं की आणखी काही, हे मी ठरवेपर्यंत बिजलीबाईनं ते बोटं चाटून संपवलं होतं.

मग ही देवघेव रोजचीच झाली. भाकर द्यायची आणि त्या बायका आणतील ते चाखायचं. कोणी वाळवलेल्या आंबट पाल्याची भाजी आणायची, कोणी पोहे आणि भाजलेले काळे दाणे. एक पैसा खर्च न होता बिजलीबाईचं तोंड सारा देश हिंडत होतं. गुलाबसिंग मात्र तिकडे बघायचाही नाही.

"परक्या मुलखाचं अन्न मानवत नाही. बिमार पडलीस तं इथं कोण पाहीन तुले?"

आणि एका सकाळी पीठ संपलं.

गुलाबसिंगनं गाठोडं झटकून पाहिलं. "काहून वं? दोघांचं पीठ साऱ्या गल्लीले वाटून राह्यली होतीस? उद्याच्या ट्रकनं वापस."

मेळा अजून भरायचा होता. शहराबाहेर डोळे रंगवलेला एक मोठा पांढरा स्तूप होता, तोही तिनं पाहिला नव्हता. पुन्हा इतक्या दूर कोण आणणार होतं तिला? ती ओढणीनं डोळे पुसत बसली. तोही रात्रीपासून उपाशी होता, पण बायकांनी ठेवलेल्या ताटाला हात लावेना. मी दोघांच्या मध्ये गार पडलो होतो. कोणाची बाजू घ्यावी हे मला समजेना.

समोरच्या बाईला त्यांची भाषा येत नव्हती, पण रिकामं गाठोडं तिला समजलं. तिनं सूपभर काळपट तांबूस पीठ आणून दिलं. बिजलीबाईनं ते मळलं, भाकर थापली, आणि उचलताना तिचे तुकडे झाले. दुसरी माझ्यावर येऊन भंगली. ती बाई हसली. तिच्या मनात वाईट नव्हतं, पण बिजलीबाईला ते फार लागलं.

"माह्यानं भाकरही होईना आता," ती रडत म्हणाली. "चला वापस."

तेव्हा गुलाबसिंग उठला. त्यानं चिमूटभर पीठ बोटांत चोळलं आणि जिभेवर ठेवलं.

"हे तं नाचणी होय वं. लहानपणी बापासंगं बैल घेऊन मीठ आणाले कोकणात गेलतो. तिथं हेच खाचो. हिले गार पाणी चालत नाही."

त्यानं पाणी उकळलं, पीठ मळलं आणि पागोटं मागे सारून स्वतः भाकर थापायला बसला. बिजलीबाई रडायची थांबली. इतक्या वर्षांच्या संसारात त्याला हे येतं, याचा तिला पत्ता नव्हता. भाकर माझ्यावर छान फुगली. त्यानं पहिली तिला दिली, मग आपण खाल्ली, आणि खाता खाता ती आंबट पाल्याची भाजीही पुढ्यात ओढली. दुसऱ्या दिवशी ट्रक गेला. कोणी त्याचं नाव काढलं नाही.

मेळा आणि स्तूप पाहूनच ते परतले. पुढं गुलाबसिंग वारला. सून रामीबाईनं हलका नवा तवा आणला आणि मी कोंबड्यांच्या खुराड्यावर झाकण झालो. माझ्यावर गंज चढला. फार वाईट वाटायचं.

परवा तांड्यातल्या पोरींनी बिजलीबाईला विचारलं, "याडी, तू एवढी परदेशी गेलतीस, तं काय पाह्यलं तिथं?" याडी म्हणजे आई. मला वाटलं, ती बर्फाचं सांगेल, मेळ्यातल्या गर्दीचं सांगेल.

"माह्या माणसाले भाकर थापताना पाह्यलं," ती म्हणाली.

पोरी हसल्या. ती उठली, मला खुराड्यावरून काढलं आणि राखेनं घासत बसली. इतकं सगळं पाहून तिनं एवढंच का सांगावं, हे कोडं मला आजही सुटत नाही. पण मित्रांनो, तुमच्या घरातला जुना तवा भंगारात द्यायला निघालात, तर आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, त्या तव्यावर कोणी कोणासाठी भाकर थापली होती.